काकांच्या नावाचा जंत

बाजारातल्या मासेवालीने नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती, पण मासा बाजूला ठेवून त्याची आतडी मागणारं गिऱ्हाईक तिच्या उभ्या आयुष्यात एकच. पहिल्यांदा तिला वाटलं, ही बया मांजरांसाठी नेत असेल. दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलंच, "किती मांजरं आहेत घरी?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "मला त्यातले जंत हवेत."

मासेवालीने आजूबाजूला कोणी ऐकलं तर नाही ना ते पाहिलं आणि बाईंना दंडाला धरून दुकानाच्या मागे नेलं. हवी तेवढी आतडी न्या, पण गिऱ्हाइकांसमोर तो शब्द काढू नका, असा तिथे तह झाला. तो तह चौतीस वर्षं टिकला.

ही चौतीस वर्षं बाईंनी विद्यापीठातल्या एका लांबट खोलीत काढली. खोलीत दोन मायक्रोस्कोप, गोगलगायींच्या बारा काचपेट्या आणि भिंतभर कपाट. कोणता जंत कोणत्या माशात राहतो, त्याआधी कोणत्या गोगलगायीत वाढतो, यजमानाचं किती खातो आणि किती शिल्लक ठेवतो, हा त्यांचा विषय. लोक ऐकून नाक मुरडायचे आणि बाईंना लोकांचं नवल वाटायचं. "राहायला घर दुसऱ्याचं, जेवण दुसऱ्याचं, आणि तरी त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. हे काय सोपं काम आहे?" असं त्या अगदी मनापासून विचारायच्या. त्यावर त्यांचा नवरा म्हणायचा, "मी पण यजमानच आहे, मलाही काही पत्ता लागत नाही." तो घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर एक डोळा मिटून बसायचं काम दोघांचंही असल्यामुळे संसारात एकमेकांच्या बऱ्याच गोष्टी दिसल्या नाहीत आणि संसार चांगला झाला.

बाई विभागात आल्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. डोक्यात पुस्तकं गच्च भरलेली आणि हातात कसब शून्य. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातून अकरा जंत फाटले. बारावा फाटला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तेव्हा प्रयोगशाळा सहाय्यक जवळ आले. वय चाळीसच्या आसपास, बोलणं कमी, आणि सगळा विभाग त्यांना काका म्हणायचा, विभागप्रमुखसुद्धा.

"बाई, छातीत हवा भरून सुई हातात घेता तुम्ही," काका म्हणाले. "आधी श्वास सोडा. सगळा सोडा. मग हात हलत नाही."

तेरावा जंत फाटला नाही.

पुढचं सगळं काकांनीच शिकवलं. हे जंत चपटे, तांदळाच्या दाण्याएवढे. जिवंत जंत दोन काचांच्या मध्ये ठेवायचा, वर छोटं वजन ठेवायचं, म्हणजे तो अंग चोरत नाही. पाच मिनिटांनी काचेच्या कडेने औषधाचा थेंब सोडायचा. औषध आत शिरलं की जंत आहे त्या आकारात कायमचा थांबतो. मग त्याला रंग द्यायचा, रंग धुवायचा, आणि स्लाइड तयार. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की नाकी नऊ येतात. काकांकडे त्यासाठी वाण्याच्या तराजूतलं एक जुनं पितळी वजन होतं आणि ते दुसऱ्या कोणी उचललेलं त्यांना खपायचं नाही. त्यांच्या हातची स्लाइड मायक्रोस्कोपखाली घातली की विभागप्रमुखही दोन मिनिटं काही बोलत नसत, आणि ते बोलायचे थांबत नाहीत अशी त्यांची ख्याती होती.

बाईंच्या तिसऱ्या वर्षी काकांनी एकाच माशातले सात जंत स्लाइडवर लावून दिले. बाईंनी पहिली स्लाइड पाहिली, दुसरी पाहिली, आणि खुर्चीवरून उठल्या. नेहमीचा जंत रुंदीच्या तिप्पट लांब असतो, हा जेमतेम दीडपट. नेहमीच्याची दोन वृषणं एकाखाली एक असतात, याची शेजारीशेजारी. सातच्या सात तसेच. शिवाय आतलं सगळं असं लख्ख दिसत होतं की बाईंनी असं चित्र पुस्तकातही पाहिलं नव्हतं.

"काका, हा वेगळा आहे. हा कोणी पाहिलेलाच नाही!"

नवा जंत सापडला की त्याला नाव द्यावं लागतं, आणि या विषयातल्या माणसांची एक रीत आहे. ते आपल्या आवडत्या माणसाचं नाव जंताला देतात. बाकीच्या जगात कोणाला जंत म्हटलं तर हाणामारी होईल, इथे गळा दाटून येतो. बाईंनी विभागप्रमुखांचं नाव दिलं नाही, त्याबद्दल ते पुढे वर्षभर फुगून बसले होते. स्वतःच्या वडिलांचंही दिलं नाही. त्यांनी काकांचं नाव घेतलं, त्याला लॅटिनचं शेपूट जोडलं आणि ते छापून आणलं. नणंदेला ही बातमी कळली तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, माझ्यावर एवढं प्रेम करू नकोस हं. मला साधी साडी पुरे."

काकांनी छापील पान हातात घेतलं. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं, पण स्वतःचं नाव त्यांनी बरोबर शोधून काढलं. त्यावरून अंगठा फिरवला. "आमच्या घरात कोणाचं नाव कधी छापून आलं नव्हतं," एवढंच म्हणाले आणि भांडी धुवायला निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते पान चौकटीत बसून त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर चढलं. कोणी नवीन आलं की काका त्याला चौकटीसमोर उभं करायचे आणि सांगायचे, "हा माझ्या नावाचा जंत. जगात माझ्या नावाचा एक प्राणी आहे." निवृत्तीनंतर तर हे फारच वाढलं. दूधवाल्यालासुद्धा त्यातून सुटका नव्हती.

अडचण एकच होती. तो जंत पुन्हा कधी सापडला नाही.

बाईंनी शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. त्याच बाजारातले, त्याच जातीचे मासे त्यांनी हजारांनी फाडले. दर वेळी नेहमीचा लांबट जंत. "दुर्मीळ आहे," त्या म्हणायच्या, आणि काका मान डोलवायचे, कारण दुर्मीळ असणं त्यांना आवडायचं. अशी एकतीस वर्षं गेली. बाईंच्या निवृत्तीला पाच महिने उरले तेव्हा दूरच्या एका विद्यापीठातल्या मुलीचं पत्र आलं. ती दोन वर्षं हाच जंत शोधत होती. चारशे मासे फाडले, एकही मिळाला नाही, शिष्यवृत्ती संपत आली आहे, मॅडम, माझं काय चुकतंय ते सांगाल का? बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. ती मुलगी त्यांना खिडकीकडे तोंड करून उभी असलेली दिसली. त्यांनी ठरवलं, निवृत्त व्हायच्या आत आपणच एक जंत शोधून तिला पाठवायचा.

झालं ते एका मंगळवारी दुपारी. बाईंनी नेहमीचा एक जंत काचांमध्ये ठेवला, वर वजन ठेवलं, पाच मिनिटं मोजून औषधाचा ड्रॉपर उचलला, आणि फोन वाजला. नणंद होती. नणंदेचा फोन म्हणजे तासाची निश्चिंती. बहिणीच्या मुलाचं लग्न, गुडघे, नव्या सुनेचं उशिरा उठणं, असं करत करत सव्वा तास झाला. बाई परतल्या तेव्हा त्यांना स्वतःचीच शरम वाटली. जंत काचेखाली तसाच, औषधाविना. फेकून द्यावा म्हणून त्यांनी काच उचलली, आणि सवयीने आधी डोळा मायक्रोस्कोपला लावला.

रुंद जंत. वृषणं शेजारीशेजारी. आतलं सगळं लख्ख.

पहिलं अर्धं मिनिट त्या नुसत्या आनंदाने हसल्या. सापडला! एकतीस वर्षांनी सापडला! मग त्यांना आठवलं की मघाशी याच जंताला काचेवर त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं होतं आणि तेव्हा तो लांबट होता. वेगळा जंत नव्हताच. नेहमीचाच जंत, औषध न घालता वजनाखाली राहिला, हळूहळू पसरला, आणि पसरताना त्याच्या आतल्या दोन्ही वस्तू सरकून शेजारी आल्या. एकतीस वर्षांपूर्वी काकांच्या हातून असंच काहीतरी झालं होतं, आणि त्या चुकीला बाईंनी काकांचंच नाव दिलं होतं.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. नवऱ्याने भिंग बाजूला ठेवून दोन्ही डोळे उघडले.

"कोणाला कळणार आहे?" बाई म्हणाल्या. "चार महिने राहिलेत माझे. कपाटाला कुलूप लावायचं आणि घरी यायचं."

"आणि ती चारशे माशांवाली मुलगी?"

"तिला लिहीन, दुसरा विषय घे म्हणून."

"का घे, ते नाही लिहिणार?"

बाईंनी ताट बाजूला सारलं.

"अगं, तुझं ठरलंय. ठरलं नसतं तर तू जेवली असतीस," नवरा म्हणाला. "फक्त काकांना सांगायचं कसं, हे तुला कळत नाहीये. ते मलाही कळत नाही. पण छापून आल्यावर त्यांना बाहेरून समजलं, तर ते तुला माफ करतील, आणि मग तू काय करशील?"

रविवारी बाई काकांकडे गेल्या. काका आता बहात्तरचे. पाठ वाकलेली, हाताला थोडा कंप. बैठकीच्या खोलीत ती चौकट, तिच्या काचेवर बोटाचा एकही ठसा नाही. काकांची मुलगी चहा घेऊन आली. तिचा उजवा हात कोपरातून जरासा वाकडा, लहानपणीचा. तिने कप ठेवले आणि तीही बसली. बाईंना वाटलं होतं काका एकटे असतील.

बाईंनी वाटेत चार-पाच सुरुवाती घोकल्या होत्या. त्यांतली एकही आठवेना. शेवटी त्यांनी पिशवीतून त्या सातांपैकी एक स्लाइड काढून काकांच्या हातात दिली आणि जे होतं ते सरळ सांगून टाकलं. फोनचं, वजनाचं, पसरलेल्या जंताचं. "चूक माझी आहे, काका. न दाबलेला एक तरी नमुना मी बघायला हवा होता. मी घाई केली. नवा जंत सापडला म्हणून मी हुरळून गेले होते."

स्लाइड उजेडाकडे धरून काका चिठ्ठीवरची तारीख वाचत होते. त्यांचंच अक्षर.

"ही तारीख," ते मुलीला म्हणाले, "तू शाळेत झोपाळ्यावरून पडलीस ती."

मुलगी उठून जवळ आली.

"शाळेचा निरोप आला की पोरीचा हात मोडलाय. मी सातही जंत एकाच मोठ्या काचेखाली, त्या वजनाखाली ठेवले होते. ओलं फडकं टाकलं आणि पळालो. औषध सोडायचं राहिलं. आलो तेव्हा अडीच तास झाले होते." काका बाईंकडे बघत नव्हते. "साहेबांना न विचारता गेलो होतो. तुम्हालाही बोललो नाही. बघितलं तर जंत छान पसरले होते, फाटला एकही नव्हता. म्हटलं, वाचलो. औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नाचायला लागलात. मग काय सांगायचं? पण त्यामुळे जंतच बदलला, हे मला माहीत नव्हतं हो, बाई. देवाशपथ नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार? ते बघायचं काम माझं होतं."

"लावायचं काम माझं होतं."

"नमुने तपासायची जबाबदारी माझी, काका. चूक माझी."

"औषध कोणी विसरलं? चूक माझी!"

"बाबा, भांडताय काय चुकीसाठी?" मुलगी म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. पण काका हसले नाहीत. ते चौकटीकडे पाहत राहिले. बाईंनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली की रद्द झालेलं नाव कोणी पुसत नाही, खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात कायम राहतं. काकांनी हात वर केला. बाई थांबल्या.

"तुम्ही किती दाबून बघितले?" काकांनी विचारलं.

"एक."

"एकच?" काकांच्या आवाजात एकदम जुना प्रयोगशाळेतला खडखडीतपणा आला. "एकावर तुम्ही छापणार? पोरांना ओरडायचात की एकदा झालं म्हणजे झालं असं नाही. सात होते, सात करायला पाहिजेत. तेवढाच वेळ, तेच वजन."

"ते वजन आता कुठे..."

काका उठले, आत गेले आणि वजन घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते खिशात घालून आणलं होतं. बारा वर्षं त्याने त्यांच्या घरात वर्तमानपत्रं उडू दिली नव्हती.

दोन दिवसांनी मासेवालीने मागच्या दाराने आतडी दिली आणि काका बारा वर्षांनी त्या लांबट खोलीत आले. आल्या आल्या त्यांनी काचा उजेडात धरल्या, त्या नीट धुतलेल्या नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं आणि सगळ्या पुन्हा धुतल्या. बाईंनी नेहमीच्या लांबट जंतांपैकी चौदा निवडले, प्रत्येकाचं माप आधी घेतलं. सात पाच मिनिटांवर थांबवायचे, सात अडीच तासांवर. काकांनी सुई उचलली. हात थरथरत होता. बाईंनी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. काकांनी श्वास सोडला, सगळा सोडला. हात थांबला. एकही जंत फाटला नाही.

मग अडीच तास बसायचं होतं. बसले. बाईंनी निवृत्तीनंतर काय करणार ते सांगितलं, म्हणजे काहीच ठरलं नाही हे सांगितलं. काकांनी दूधवाल्याचं सांगितलं. काका दर दहा मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात काहीतरी भलतंच मागतोय. हे सात पसरू नयेत. एवढ्या वेळेला सगळं खोटं ठरावं आणि काकांचा जंत काकांकडे राहावा. चौतीस वर्षांत त्यांनी प्रयोगाकडे असं काही मागितलं नव्हतं.

वेळ झाली. काकांनी वजन उचललं, औषध सोडलं. बाईंनी मायक्रोस्कोपात पाहिलं आणि त्यांना आकडे सांगता येईनात, म्हणून त्या उठल्या आणि काकांना बसवलं. काकांनी स्वतः मोजलं. एकेक आकडा मोठ्याने सांगितला, बाईंनी तो वहीत लिहिला. सातच्या सात दीडपट. सातच्या सात शेजारीशेजारी. पाच मिनिटांवाले सात, तिप्पट लांब.

काकांनी मायक्रोस्कोपवरून तोंड वर केलं. डोळे ओले होते.

"काय पण लावलेत हो," ते म्हणाले. "बघा तरी. अजून हात आहे माझा."

बाईंना रडू फुटलं. त्या तोंड फिरवून खिडकीकडे गेल्या नाहीत. तिथेच खुर्चीपाशी उभ्या राहून रडल्या, आणि काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.

शोधनिबंध निवृत्तीच्या आठवडाभर आधी छापून आला. लेखक दोन. पहिलं नाव काकांचं. बाईंनी ते तसं लिहिलं तेव्हा काका म्हणाले होते, माझं नाव मागे टाका. बाईंनी नियम सांगितला, ज्याने प्रयोग केला त्याचं नाव आधी. असा काही पक्का नियम नाही, पण काकांना ते कोण सांगणार? निबंधाची पहिली प्रत त्या दूरच्या मुलीला गेली. तिचं उत्तर आलं, चारशे माशांचे सगळे आकडे आता याच कामाला उपयोगी पडतील, मी वर्षभर रोज रडत होते, मॅडम, काकांनाही माझा नमस्कार सांगा.

काकांच्या मुलीने नवं पान चौकटीत बसवून आणलं आणि जुनी चौकट उतरवायला स्टुलावर चढली. काकांनी तिला ओरडून खाली उतरवलं. दोन्ही राहू दे म्हणाले, शेजारीशेजारी.

पुढच्या महिन्यात बाई भेटायला गेल्या तेव्हा दारातच त्यांना आतला आवाज ऐकू आला. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस हातात पाना घेऊन चौकटींसमोर उभा होता, आणि काका त्याला सांगत होते.

"हा माझ्या नावाचा जंत. आणि हे इकडे बघा. असा जंत जगात नाहीच, हे कोणी शोधून काढलं? वाचा ना नाव. मोठ्याने वाचा."